पलटणीतून वरातीत: उपखंडातील बॅगपाइप

बॅगपाइप म्हणजे पिशवी जोडलेले सुषिर वाद्य. वादक एका नळीने पिशवीत हवा फुंकतो, डाव्या काखेतली ती पिशवी कोपराने दाबतो आणि त्या दाबाने बाकीच्या नळ्या बोलू लागतात. या वाद्याचे प्रकार युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत पुष्कळ आहेत, पण ब्रिटिश साम्राज्याबरोबर जगभर गेला तो स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातला. त्यात चार नळ्या वाजतात. बोटांची भोके असलेली एक, चँटर. धून तिच्यातून निघते. उरलेल्या तीन खांद्यावर टेकलेल्या असतात. त्यांना ड्रोन म्हणतात आणि त्यांचे काम एकच: षड्ज धरून ठेवणे. दोन नळ्या चँटरच्या षड्जाखाली एक सप्तक, तिसरी त्याच्याही खाली आणखी एक सप्तक. चँटरमध्ये सनईसारखी दुहेरी पत्ती असते, ड्रोनमध्ये पुंगीसारखी एकेरी.

वादकाने श्वास घेतला तरी पिशवीतली हवा वाहत राहते, म्हणून सूर तुटत नाही. हाच या वाद्याचा मोठा गुण आणि हीच मोठी अडचण. बॅगपाइपला विराम नाही, लहानमोठा आवाज नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराला निसटता स्पर्श करावाच लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला एकच लांब स्वर ऐकू येतो. हिंदुस्थानी गायकाचा कणस्वर शोभेसाठी असतो. येथे तो गरजेपोटी आला आणि पुढे त्याचे शास्त्र झाले. स्काय बेटावरच्या मॅक्रिमन घराण्यासारख्या वादकांनी ही अलंकारांची विद्या पिढ्यानपिढ्या तोंडी शिकवली. त्यासाठी प्रत्येक स्वराला आणि अलंकाराला ठरावीक अक्षरे दिली आणि अख्खी धून त्या अक्षरांत गाऊन पाठ करून घेतली. तबल्याचे बोल किंवा पखवाजाची परण तोंडाने म्हणून घेणाऱ्या गुरूला ही पद्धत परकी वाटणार नाही.

चँटरवर नऊ स्वर निघतात. खालून पाहिले तर मंद्र कोमल निषाद, मग सा रे ग म प ध, पुन्हा कोमल निषाद आणि तार षड्ज. म्हणजे हा सरळसरळ खमाज थाट झाला. त्यात दुर्गा आरामात बसतो. मंद्र धैवत नसल्याने भूप थोडा आखडतो. यमनचा तीव्र मध्यम किंवा भैरवीचे कोमल स्वर मात्र या नळीकडून मागू नयेत. बोटांच्या युक्तीने एखाददुसरा आडवा स्वर काढता येतो, एवढेच. चँटरचा सूर युरोपीय पियानोच्या समान अंतराच्या पट्ट्यांना धरून नसतो. तो ड्रोनच्या षड्जाशी जुळवलेला असतो, तंबोऱ्याशी गळा जुळवावा तसा. संचलनापूर्वी बँड एका बाजूला उभा असतो तेव्हा हे जवळून ऐकता येते. पाइप मेजर, म्हणजे पाइपवादकांचा प्रमुख, एकेका वादकासमोर जाऊन उभा राहतो, कान नळीशी नेतो आणि ड्रोनचा वरचा भाग पेराएवढा वर किंवा खाली सरकवतो. दोन नळ्यांत फरक असेल तोवर आवाजात लहर उठत असते. ती लहर हळू होत होत थांबली की सूर लागला. थंड हवेत पत्ती एक बोलते आणि वाजवून ओलसर झाली की दुसरेच, म्हणून दिल्लीच्या जानेवारीत हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते.

अखंड षड्ज आणि त्यावर फिरणारी धून या जोडीशी भारतीय उपखंडाची ओळख बॅगपाइप येण्याच्या फार आधीची आहे. सनईच्या ताफ्यात एकजण फक्त सूर धरून बसतो. गारुड्याच्या पुंगीत दोन नळ्या असतात, एक वाजणारी आणि एक सूर देणारी, आणि हवेचा साठा होतो तो भोपळ्यात. पालघर-डहाणूच्या वारल्यांचा तारपा याच कुळातला: दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. नाकाने श्वास घेत गालातली हवा फुंकत राहायची आणि सूर तुटू द्यायचा नाही, ही तारपेकऱ्याची कसरत बॅगपाइपमध्ये पिशवीवर सोपवलेली आहे. पिशवी असलेली वाद्येही होती. तेलुगू मुलुखात तित्ती हे चामड्याचे सुराचे वाद्य लोकनाट्याला साथ करीत असे, आणि राजस्थानात भैरूजीचे भोपे मशक वाजवत. मशक म्हणजे भिश्त्याची बकऱ्याच्या कातड्याची पखाल. उत्तरेत हायलँडचे नवे वाद्य आले तेव्हा लोकांनी त्याला दोन ओळखीच्या वस्तूंचे मिळून नाव दिले: गारुड्याची बीन आणि भिश्त्याची मशक, म्हणून मशकबीन. इतके नेमके वर्णन कोशातही क्वचित सापडते.

हे वाद्य हिंदुस्थानात ज्यांनी आणले ते हायलँडचे लोक स्वतः नुकतेच जिंकले गेले होते. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने लढलेल्या हायलँडर टोळ्यांचा सरकारी सैन्याने मोड केला. पाठोपाठ झालेल्या कायद्याने त्यांना शस्त्रे बाळगण्याची आणि पुरुषांना हायलँडचा पोशाख घालण्याची बंदी झाली. बॅगपाइपवरही बंदी होती असे पुष्कळदा लिहिले जाते, पण कायद्यात त्याचे नाव नाही. ती समजूत बहुधा जेम्स रीड या पाइपवादकाच्या खटल्यावरून पसरली. आपण शस्त्र धरले नाही, फक्त वाजवले, असा त्याचा बचाव होता. हायलँडची पलटण पाइपशिवाय कूच करीत नाही, तेव्हा पाइप हेही युद्धाचे साधनच, असे न्यायालयाने ठरवले आणि १७४६ च्या नोव्हेंबरात त्याला यॉर्क येथे फाशी दिले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत याच डोंगराळ मुलुखातून राजाच्या सैन्यासाठी एकामागून एक पलटणी उभ्या राहिल्या. सैन्यात त्यांना किल्ट आणि पाइप दोन्हींची मुभा होती; घरी पोशाखावरची बंदी १७८२ मध्ये उठली. जित लोकांचे वाद्य असे जेत्यांच्या सैन्यात आले आणि दुसरे मुलूख जिंकायला निघाले.

हिंदुस्थानातला त्याचा पहिला ठळक उल्लेख १ जुलै १७८१ चा, पोर्टो नोव्होचा, म्हणजे तमिळ किनाऱ्यावरच्या परंगिपेट्टईचा. सर आयर कूट यांच्या सैन्याची हैदर अलीशी तेथे गाठ पडली. कूट यांना पाइपचे फारसे कौतुक नव्हते, पण मॅक्लाउडच्या हायलँडर पलटणीचा वादक गोळीबारात वाजवत राहिलेला पाहून त्यांनी चांदीचे पाइप घेण्यासाठी पन्नास पौंड देऊ केले, अशी हकीकत आहे.

दुसरी हकीकत महाराष्ट्राच्या मातीतली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, असई गावापाशी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याला गाठले. वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या, आणि ७४ वी त्या दिवशी जवळजवळ कापली गेली. डेव्हिड स्टुअर्ट ऑफ गार्थ हा ७८ व्या पलटणीत राहिलेला अधिकारी. हायलँडरांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याने पुढची गोष्ट नोंदवली आहे. लढाईत वाजंत्र्यांनी जखमींना उचलून मागे न्यावे असा हुकूम होता. एका पाइपवादकाला वाटले, आपणही वाजंत्रीच. त्याने पाइप खाली ठेवला आणि जखमी वाहिले. लढाईनंतर सोबत्यांनी त्याला नको नको केले: बासरीवाल्यांचे ठीक आहे, पण पाइपवाल्याने आघाडी सोडायची? दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, वऱ्हाडात अडगावच्या लढाईत त्याने हा डाग धुऊन काढला. तो इतक्या आवेशाने वाजवू लागला की रांग मोडून सैनिक वेळेआधीच पुढे सुटतील या भीतीने कर्नलला त्याला गप्प करावे लागले.

ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातला वाद अधिक मोलाचा आहे. पाइपवादक हा वाजंत्री की लढवय्या, हा तो वाद. ब्रिटिश सैन्याच्या दप्तरातही त्याचा निकाल लागलेला नव्हता. कित्येक पलटणींत वादकाचे नाव ढोलवाला म्हणून लावले जाई. १८५४ मध्ये युद्ध खात्याने हायलँड पलटणीला एक पाइप मेजर आणि पाच वादक अधिकृतपणे मंजूर केले. एकट्याने वाजणाऱ्या पाइपला साइड ड्रम, टेनर आणि बास ड्रम जोडून आजचा ‘पाइप्स अँड ड्रम्स’ बँड तयार झाला तो याच सुमारास. हजारो वर्षांची परंपरा म्हणून जे दाखवले जाते, त्या बँडची रचना आगगाडीहून जुनी नाही. मोठा ढोल वाजवणाऱ्याच्या अंगावरचे बिबट्याचे कातडे तर साम्राज्याच्या शिकारखान्यातूनच आले.

देशी पलटणींत पाइप जाण्याचे कारण १८५७ नंतरच्या भरतीत आहे. बंगालच्या जुन्या सैन्याने बंड केले. पंजाबी आणि गुरखा पलटणी इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. पुढच्या तीन दशकांत ‘लढाऊ जाती’ नावाचा सिद्धांत रुजला. शीख, गुरखे, पठाण, डोगरे, गढवाली हे जन्मजात शिपाई, आणि दक्षिणेकडचे लोक सुखासीनतेने मऊ पडलेले. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले फ्रेडरिक रॉबर्ट्स या मताचे कट्टर पुरस्कर्ते होते. स्कॉटलंडचा हायलँडर हा याच सिद्धांताचा गोरा नमुना: डोंगरातला, गरीब, इमानी, आडदांड. वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण मोहिमांत या सगळ्यांना मुद्दाम शेजारी-शेजारी लढवले गेले. २ डिसेंबर १८७८ रोजी पेवार कोटलच्या चढाईत ५ वे गुरखे आणि ७२ वे हायलँडर एकत्र होते. १ सप्टेंबर १८८० रोजी कंदाहारला २ रे गुरखे आणि ९२ वे हायलँडर. वर्तमानपत्रे आणि चित्रकार यांना ही जोडी फार आवडली. २० ऑक्टोबर १८९७ रोजी दर्गाईच्या टेकडीवर जॉर्ज फिंडलेटर हा गॉर्डन हायलँडर्सचा वादक पायांना गोळ्या लागून कोसळला, पण दगडाला टेकून वाजवत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे पोट भरण्यासाठी तो नाट्यगृहांतून तीच धून वाजवू लागला तेव्हा ब्रिटनमधल्या प्रतिष्ठितांना ते खटकले. पदक द्यावे, पण निवृत्तिवेतन किती द्यावे याचा विचार कोणी केला नव्हता.

या सहवासातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गुरखा, शीख, पंजाबी आणि गढवाली पलटणींनी स्वतःचे पाइप बँड उभे केले. निवडक शिपाई शेजारच्या हायलँड पलटणीकडे शिकायला पाठवले जात. परत आल्यावर ते आपल्या पलटणीतल्या पोरांना शिकवत. लष्करी पाइपवादक मुळात शिपाईच. सकाळी कवायत, संध्याकाळी सराव आणि मोहिमेत बंदूक किंवा जखमींची डोली, असे त्याचे दुहेरी काम. आजच्या भारतीय सैन्यातही ही पद्धत टिकून आहे. पोशाखात मात्र तडजोड झाली. किल्ट देशी पलटणींत फारसा रुजला नाही. पायात पँट आणि पांढरे गेटर, डोक्याला पगडी किंवा गुरखा टोपी, खांद्यावरून टाकलेला चौकड्यांचा टार्टन आणि त्याच कापडाची पिशवीवरची खोळ, हे रूप ठरून गेले.

धुनींची ने-आण एकाच दिशेने झाली नाही. हायलँड पलटणींच्या जुन्या धुनींत ‘एडनचे उजाड खडक’ या अर्थाच्या नावाची एक धून फार लोकप्रिय आहे, आणि ती जन्मली तेव्हा एडन मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. ‘झख्मी दिल’ हे सरहद्दीवरचे पश्तो गाणे पाइपवर चढले, देशी आणि गोऱ्या दोन्ही पलटणींनी ते वाजवले. गाण्याचे मूळ शब्द मेसमधल्या स्त्रियांसमोर सांगण्याजोगे नव्हते. पाइपला शब्द नसतात, ही सोयच झाली.

उपखंडात बॅगपाइप कोठे रुजला याचा नकाशा काढला तर तो संगीताचा नकाशा दिसत नाही, भरतीचा दिसतो. पंजाब, सरहद्द प्रांत, हिमाचल, गढवाल, कुमाऊँ, नेपाळ: जेथून शिपाई घेतले तेथे निवृत्त शिपायाबरोबर पाइप गावी गेला. नेपाळ कधीच वसाहत नव्हते, तरी नेपाळी सैन्यात पाइप आहेत, कारण गुरखा शिपाई नेपाळचे. महाराष्ट्रात तसे झाले नाही. मराठा पलटणी होत्या आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी मेसोपोटेमियात नाव काढले, पण भरतीचा ओघ उत्तरेकडे वळलेला होता आणि या पलटणींची ओळख लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे बिगुलाची आणि झपाझप पावलांची. शिवाय गावोगावच्या वाजंत्र्यांकडे सनई, संबळ, ताशा यांची घडी पक्की बसलेली होती. इंग्रजी अमदानीतून मराठी वरातीने उचलला तो पितळी बँड. क्लॅरिनेट आणि कॉर्नेट लग्नात शिरले, पाइप शिरला नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला तो भेटतो तो बहुधा २६ जानेवारीच्या प्रक्षेपणात.

उत्तराखंडात मात्र मशकबीन आज लग्नाचे वाद्य आहे. कुमाऊँत ढाल-तलवारीचा छोलिया नाच वरातीपुढे चालतो. त्याच्या ताफ्यात ढोल, दमाऊ, तुरी, रणसिंग आणि मशकबीन असे मिश्रण असते. चार वाद्ये पूर्वापार देवकार्यातली, पाचवे छावणीतून आलेले. ऐकणाऱ्याला जोड कोठेच जाणवत नाही. गढवालच्या पहाडी गाण्यांच्या चाली बऱ्याचशा पाच स्वरांच्या, दुर्गा किंवा भूपाच्या वळणाच्या; स्कॉटलंडच्या जुन्या चालीही पुष्कळशा पाच स्वरांच्याच. त्यामुळे वाद्याला गाणे बदलावे लागले नाही आणि गाण्याला वाद्य. बदलली ती सजावट. स्कॉटिश अलंकारांच्या काटेकोर गाठी गळून गेल्या आणि त्या जागी गळ्यातून यावी तशी हेल काढणारी बोटे आली. तीन ड्रोनपैकी एखादा बंद ठेवूनही काम भागते. लष्करी पाइप मेजरने ऐकले तर तो सूर न जुळल्याबद्दल कान पकडील. पण घाटातल्या वळणावर वरात दिसण्याआधी मशकबीन ऐकू येते, आणि वधूपक्षाला तेवढाच निरोप पुरतो.

येथे जातीचा मुद्दा टाळून चालत नाही. पहाडातली ढोल-दमाऊची परंपरागत सेवा औजी, बाजगी अशा दलित समाजांकडे. त्यात मान होता तसे बंधनही होते, महाराष्ट्रात होलार किंवा मांग वाजंत्र्यांच्या वाट्याला आले तसेच. सैन्यात पाइप शिकणारा शिपाई बहुधा राजपूत शेतकरी घरचा. गावी आलेले नवे वाद्य कोणत्या जातीचे हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नव्हते, आणि दोन्हीकडच्या हातांनी ते उचलले. आता या ताफ्यांपुढची अडचण वेगळी. तरुण मुले रोजगारासाठी मैदानी मुलुखात उतरली आणि वरातीत डीजेची गाडी आली.

१९४७ मध्ये सैन्याची वाटणी झाली. दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनने नेल्या. पंजाबी पलटणी दोन देशांत विभागल्या. बँडही विभागले गेले. तेच वाद्य, त्याच धुनी, तेच टार्टन घेऊन दोन सैन्ये आता एकमेकांसमोर उभी होती. पाइप ही गुलामीची खूण म्हणून टाकून द्यावी असे दोन्हीकडे कोणाला फारसे वाटले नाही. पलटणीच्या दृष्टीने ती राणीची देणगी नव्हती, आजोबांच्या कंपनीतली वस्तू होती. १९५० मध्ये जनरल करिअप्पा सेनाप्रमुख असताना पचमढीला लष्करी संगीताचे केंद्र सुरू झाले. विदर्भातल्या घराघरांना पचमढी महादेवाच्या आणि नागद्वाराच्या यात्रेमुळे ठाऊक असते. त्याच डोंगरांत देशभरच्या पलटणींचे वादक आणि बँडमास्टर तयार होतात.

धुनींचे भारतीयीकरण यानंतर वेगाने झाले, पण त्याचे मूळ स्वातंत्र्याआधीचे आहे. ‘कदम कदम बढाये जा’ ही आझाद हिंद सेनेची धून बांधणारे कॅप्टन रामसिंग ठकुरी हे गुरखा रायफल्समध्ये बँडचे शिक्षण घेतलेले शिपाई. साम्राज्याच्या बँडने शिकवलेली विद्या साम्राज्याविरुद्धच्या कूचगीताला उपयोगी पडली, आणि आज भारतीय सैन्याचे बँड तीच धून वाजवतात. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणारा ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळा १९५० च्या दशकात सुरू झाला. सूर्यास्ताला लढाई थांबवून सैन्याने छावणीत परतायचे, त्या संकेताचे हे समारंभी रूप. त्यात पाइप्स अँड ड्रम्सचा एकत्रित ताफा हा प्रेक्षकांच्या अपेक्षेचा भाग असतो. या सोहळ्यात शेवटाकडे ‘अबाइड विथ मी’ हे गांधीजींचे आवडते ख्रिस्ती भजन अनेक वर्षे वाजत असे. २०२२ मध्ये ते वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घेतले गेले, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांची चाल. भजन वगळण्यावर वाद झाला. वसाहतीची खूण पुसण्यासाठी ते काढले असे समर्थकांचे म्हणणे होते. भजनाचे विलायतीपण सर्वांना दिसले, ते वाजवणारी वाद्ये, टार्टन आणि सोहळ्याची सगळी चौकट मात्र कोणाच्या डोळ्यावर आली नाही. वाद्य आपले झाल्याची याहून चांगली साक्ष मिळणे कठीण.

ब्रिटिश साम्राज्याच्या इतर भागांतही असेच घडले, फक्त कारणे थोडी वेगळी. जॉर्डनमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी घडवलेल्या अरब लीजनमधून पाइप सैन्यात आले आणि आजही आहेत. ओमानमध्ये उंटावर बसलेले वादक पाइप वाजवतात. बेथलेहेमच्या नाताळच्या मिरवणुकीत पॅलेस्टिनी स्काउटांचे पाइप बँड निघतात. आखाती किनाऱ्यावर बकऱ्याच्या कातड्याचे स्वतःचे पाइप होतेच, त्यामुळे तेथेही नव्या वाद्याला घरचा दरवाजा उघडा मिळाला.

या परंपरेचे अर्थकारण सियालकोटला पाहायला मिळते. पंजाब १८४९ मध्ये खालसा झाला आणि त्यानंतर लवकरच या शहराजवळ मोठी छावणी वसली. छावणीच्या गरजांवर शहराचे कारागीर पोसले गेले. साहेबांच्या खेळाची साधने दुरुस्त करता करता खेळसामान, मिशनच्या इस्पितळातली हत्यारे दुरुस्त करता करता शस्त्रक्रियेची उपकरणे, आणि पलटणींचे पाइप दुरुस्त करता करता पाइप. फाळणीत खेळसामानाचे बरेच हिंदू आणि शीख कारागीर जालंधर आणि मेरठकडे गेले. सियालकोटचा पाइपचा धंदा मात्र तेथेच वाढला आणि हे शहर आज बॅगपाइपच्या जागतिक उत्पादनातले एक प्रमुख केंद्र आहे. छोट्या कारखान्यांतून काम वाटलेले असते. एक जण लाकडाचे तुकडे लेथवर गोल करतो, दुसरा लांब ड्रिलने आरपार भोक पाडतो, तिसरा खाचा कोरतो, चौथा पॉलिश करतो, पिशव्या वेगळ्याच घरी शिवल्या जातात. कातडी पिशवीच्या शिवणीतून हवा जाऊ नये म्हणून आतून चिकट लेप फिरवण्याची जुनी रीत आहे. नव्या पिशव्या कृत्रिम कापडाच्या येतात आणि त्यांना त्याची गरज नसते.

लाकूड हा या धंद्याचा गाभा. स्कॉटिश कारागीर फार पूर्वी घरचेच लाकूड वापरत. साम्राज्य वाढले तसे त्यांनी कॅरिबियन बेटांतले कोकस, मग एबनी आणि शेवटी पूर्व आफ्रिकेतले ब्लॅकवुड घेतले, आणि सजावटीला हस्तिदंताची कडी बसवली. अस्सल स्कॉटिश म्हणून मिरवणारा पाइप म्हणजे टांझानिया-मोझांबिककडचे लाकूड आणि हत्तीचे दात. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरल्यापासून दातांची जागा प्लास्टिकने घेतली. सियालकोटने हाताशी असलेला शिसम घेतला. शिसम आणि आफ्रिकेचे ब्लॅकवुड ही एकाच डाल्बर्जिया कुळातली चुलत भावंडे, महाराष्ट्रातला शिसवही त्यांच्याच गोतातला. पण ब्लॅकवुड पाण्यात बुडण्याइतके जड आणि घट्ट. शिसम हलका, श्वासातला ओलावा जास्त शोषणारा, त्यामुळे भोकाचे माप हलते आणि त्याबरोबर सूर हलतो. २०१७ मध्ये दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार सगळ्या डाल्बर्जियाला लागू झाला तेव्हा शिसम आणि ब्लॅकवुड दोन्ही परवान्याच्या कचाट्यात सापडली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

स्कॉटलंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात पाइप शिकायला सुरुवात करणाऱ्याच्या हातात पहिला स्वस्त सराव-चँटर पुष्कळदा सियालकोटचा असतो. तेथले शिक्षक शिष्याला तो घेऊ नको असे बजावतात: सूर खरा नाही, पत्ती बसत नाही, लाकूड कच्चे. तक्रार बरीचशी खरी आहे. पर्यटकांसाठी भिंतीवर टांगायचे शोभेचे पाइप आणि वाजवायचे पाइप एकाच शहरातून, कधी एकाच पेटीतून निघतात, आणि आपल्या हाती कोणता पडला हे घेणाऱ्याला फुंकल्याशिवाय कळत नाही. दरम्यान तेथल्या काही कारखान्यांनी ब्लॅकवुड आयात करून बँडच्या दर्जाची वाद्ये करायला घेतली आहेत. टांझानियातला ओंडका कराचीच्या बंदरात उतरतो, सियालकोटच्या लेथवर चढतो आणि पाइप होऊन ग्लासगोच्या दुकानात पोहोचतो.